विमानाच्या वाटेवरची ज्वारी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईला “आधी पाणी पी, मग घुम” म्हणणारी मी! हसायचं तर हसा, पण पुरतं वाचून हसा.

आम्ही आदिलाबादचे. घरची थोडी शेती, आणि माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान. गावाच्या कडेला निजामाच्या काळातली विमानाची जुनी धावपट्टी आहे. लग्न होऊन वांकिडीहून आले तेव्हापासून ऐकतेय – इथे विमानतळ होणार, होणार... विमान काही आलं नाही. सकाळी फिरायला येणारे येतात, मुली स्कूटी शिकतात, आणि सुगीत आम्ही ज्वारी वाळत घालतो.

त्यातही एक रीत आहे. धान्य दोन्ही कडांना पसरायचं, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी सोडायची. ती म्हणे विमानाची वाट! ही रीत कोणी घातली, कोणालाच ठाऊक नाही.

त्या वर्षी ज्वारी भरपूर आणि जागा कमी. मी सरळ मधेही पसरली. सासूबाई लगेच म्हणाल्या, “मधात नको टाकू वं सूनबाई. इमानाची वाट हाय ते.”

मी हातानेच विचारलं – कुठंय विमान? हातानेच, कारण तापात त्यांचे दोन्ही कान गेलेत. कुकरची शिट्टी नाही, लग्नातला बँड नाही, काही म्हणता काही ऐकू येत नाही.

माझी छकुली तेव्हा नुकती रांगायला लागली होती. तिला मधोमध गोधडीवर बसवलं, वर छत्री लावली. दोघींनाही दिसेल म्हणून. नवरा पोती आणायला घरी गेला होता. भर दुपार, वारा अजिबात नाही.

सासूबाई पायाने ज्वारी हलवत होत्या. मधेच थांबल्या. दूर टोकाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी कान घट्ट दाबले.

“व माय! केवढा आवाज करून राह्यलं!”

मला कसलाच आवाज येत नव्हता... पाखरांचासुद्धा नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

गुडघ्यांनी बेजार झालेली ती बाई पळत सुटली. छकुलीला उचललं आणि कडेला धावली. “हो बाजूला! उतरून राह्यलं ते!” माझं लेकरू त्यांच्या हातात, म्हणून मीही मागे धावले. बाकी काही कळत नव्हतं.

मग छत्री आडवी झाली आणि जमिनीवर चपटी झाली. माझा पदरही हलला नव्हता. ज्वारीत दोन रेघा उमटत गेल्या, आमच्यासमोरून, सरळ. जवळ जाऊन पाहिलं तर रेघांमध्ये दाण्यांचं पीठ झालेलं, आणि पीठ हाताला चटका देत होतं. एक रेघ गोधडीच्या मधोमध होती. मी तिथेच बसले आणि छकुलीला छातीशी धरून मोठमोठ्याने रडले.

नवरा आला. म्हणाला, “ट्रॅक्टर गेला असंन. काऊन रडून राह्यली?” पण ट्रॅक्टर एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. या रेघा ज्वारीत आल्या आणि ज्वारीतच संपल्या. पुढे दाणे जसेच्या तसे होते.

ते पीठ आम्ही पाखरांना टाकलं. पाखरांनी तोंड लावलं नाही.

आता छकुली शाळेत जाते. विमानतळाची चर्चा पुन्हा सुरू झालीय. व्हावा, मलाही वाटतं, हैदराबाद किती लांब पडतं आम्हाला! ज्वारी अजून तिथेच वाळवतो, पण कडांनाच. मी एकदा सासूबाईंना खुणेने विचारलं होतं – गेलं का ते?

त्यांनी मान हलवली. “उतरलं तेवढं आयकू आलं. उडालं नाई अजून. उभंच हाय.”

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. यंदा सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. सुगी तोंडावर आलीय, छकुली माझ्यासोबत धावपट्टीवर यायचा हट्ट करतेय. आम्हा बाकी सगळ्यांचे कान चांगले शाबूत आहेत... ते उडेल तेव्हा आम्हाला कोण सांगणार?