नवशाचा डावा डोळा

पडदा वर जातो. समोर भिवंडीजवळच्या पडघ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराखालच्या पाड्यावरचं खळं. लख्ख ऊन, हवेत भाताचा भुसा, आणि मधोमध डोक्याला टॉवेल गुंडाळून पेंढ्या झोडणारा नवशा. लहानपणी गोवर आला तेव्हा उजव्या डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा गेला. तेव्हापासून सगळं जग त्यानं डाव्या डोळ्यानं पाहिलेलं. पण ऐट अशी, की दोन डोळ्यांच्या माणसानं लाजावं.

"एका डोल्यानं बघून पसंत केली तुला," तो बायकोला, सखीला चिडवायचा.

"म्हनून तर पसंत पडले. दोन असते तर पलून गेला असतास!"

त्या दिवशी पेंढीतून एक कुसळ उडालं आणि नेमकं डाव्या डोळ्यात गेलं. सखीनं ते पदराच्या टोकानं अलगद काढलं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. चौथ्या दिवशी बुबुळावर राईएवढा पांढरा ठिपका.

शेजारची कमळा बघायला आली. आदल्या वर्षी भिवंडीच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत पाड्यावर तिचा शब्द शेवटचा.

"मोतीबिंदू हाय," तिनं निकाल दिला. "माझाबी असाच पांढरा व्हता. पिकू दे त्याला. कच्चा असला तर डाक्टर हात लावत न्हाय. म्हयन्यानं शिबिर हाय, तवा काढतील." आणि मन मोठं तिचं, ऑपरेशननंतरच्या थेंबांची उरलेली बाटलीही देऊन गेली.

थेंबांनी दोन दिवसांत लाली उतरली. सखीनं कमळाला वाटीभर नव्या तांदळाची खीर नेऊन दिली. ठिपका मात्र पसरत होता. रोज सकाळी सखी नवशाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि हरखून म्हणायची, "पिकतोय!" मग ठणका सुरू झाला. नवशा कपाळ भिंतीला टेकवून बसू लागला.

"पिकताना ठणकायचंच," कमळा म्हणाली.

शिबिराला आठ दिवस उरले असताना डोळ्यातून पू आला. तेव्हा कुठे सखीनं त्याला हाताला धरून भिवंडीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ यंत्रातून बघत राहिल्या. मग सखीनं बरोबर आणलेली थेंबांची बाटली हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं आणि डोळे मिटले.

"सखीताई, डोळ्यातला प्रत्येक पांढरा डाग मोतीबिंदूचा नसतो. मोतीबिंदू आत, भिंगात होतो. उजव्या डोळ्यातला हा जुना वण, आणि तो डोळा आतून आटलाय. डाव्यात कुसळानं जखम झाली आणि त्यात बुरशी वाढली. ह्या औषधानं लाली गेली, पण बुरशीला मोकळं रान मिळालं. पहिल्या चार-आठ दिवसांत आणलं असतंत तर..."

"दुसऱ्याचं बुबुल बशिवतात म्हनं," सखी घाईनं म्हणाली. "माझं घ्या. एक घ्या, मला एक पुरं हाय."

"जिवंत माणसाचं घेत नाहीत. आणि कुणाचंही बसवलं तरी आता नजर येणार नाही. आत सगळं सडलंय. डोळा काढावा लागू नये, एवढंच बघायचं."

नवशानं मान हलवून नमस्कार केला, पण तो भिंतीच्या दिशेला.

औषधं घेऊन, परवा पुन्हा यायचं ठरवून दोघं भिवंडीच्या स्टँडवर येऊन उभी राहिली. सखीला अक्षरओळख नाही. लग्न झाल्यापासून गाड्यांच्या पाट्या वाचायच्या त्या नवशानंच. धुरळा उडवत एक एसटी समोर येऊन थांबली, माणसं धावली, आणि सखीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बघ रं, पडघ्याची हाय का?"

बोलली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

नवशानं चाचपडत तिचा खांदा शोधला. त्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "कुनाला तरी इचार, सखे. आता रोज इचारायचं."