द्वारकाबाईंचा राग

द्वारकाबाई सोनटक्के यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या रागाने थरथरत होत्या. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या ओसरीवर मी शिक्षा म्हणून उभी होते. मी तेव्हा नऊ वर्षांची. तिसरीच्या मास्तरांनी पाढे लिहायला सांगितले होते. मी बाराचा पाढा अर्ध्यावर सोडून पाटीभर उंट काढले होते. शाळेत नव्यानेच आलेल्या बाई समोरून आल्या आणि थबकल्या.

"केव्हापासून उभी आहेस?"

"घंटा झाल्यापास्नं."

बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटले, आता छडी. पण बाई तडक वर्गात शिरल्या आणि त्यांचा आवाज ओसरीपर्यंत आला. "बाहेर उभी करून तिला पाढा येणार आहे का, मास्तर? मग हा वेळ कुणाचा वाया गेला?"

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मला पत्र आले. त्यात सूचना होती की, बाईंच्या 'शांत आणि सोशिक स्वभावाविषयी' लिहावे. मी ते लिहिणार नाही. बाई शांत नव्हत्या. त्या सोशिक असत्या, तर आज मी कुठेतरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले असते आणि हा लेख लिहायला मला अक्षरच आले नसते.

आमचे घर करकंबचे. वडील गिरणीत लागले म्हणून आम्ही सोलापुरात आलो. घरात कुणाला वाचता येत नव्हते. कोळसा, गेरू, खडू, जे हाती येईल त्याने मी चित्रे काढी. सांगितलेले काम मात्र डोक्यात टिकत नसे. गणित अर्धे, कविता अर्धी, एक पुस्तक वर्गात, दुसरे चाळीच्या नळावर. चौथीत मी बाईंच्या वर्गात गेले, तेव्हा वडील शाळेत येऊन त्यांना म्हणाले, "पोरीला डोस्कंच न्हाय, बाई. औंदा नापास झाली की घरी बसवतो. कांड्या तरी भरंल."

"डोके आहे," बाई म्हणाल्या. "ते एका जागी बसत नाही, एवढेच. बसवणे माझे काम. तुम्ही परीक्षेपर्यंत थांबा."

"थांबतो की. पर परीक्षेपस्तोरच."

बाईंनी मला खिडकीपासून उठवून भिंतीकडे, स्वतःच्या टेबलाशी बसवले. पाटीवर पाच गणिते घालत आणि वर फडके टाकत. एकच गणित उघडे. ते झाले की फडके खाली सरके. तीन झाली की पाणी पिऊन यायचे, वाटेत कुणाशी बोलायचे नाही. घरी जाण्याआधी दिलेला अभ्यास मी त्यांना तोंडी परत सांगायचा. मी विसरले तर त्या रागावत नसत, पुन्हा सांगत. रोज. वर्षभर.

घरच्या अभ्यासावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न होता. बाईंनी मला कागद दिला. "आईला वाचता येत नाही ना? मग चित्रे काढून दे. आधी काय, मग काय." मी गणितासाठी पाटी काढली, कवितेसाठी उघडे तोंड, शुद्धलेखनासाठी दौत, आणि शेवटी मनासारखे चित्र काढण्यासाठी एक उंट. आई भाकरी थापता थापता कागदाकडे बघून विचारी, "कुटवर आलं गं? दौत झाली का?" उंटापर्यंत पोचले की मला कुणी हाक मारायची नाही, असे बाईंनी आईला बजावले होते. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा अभ्यास घेतला, तो असा.

मग डेप्युटीसाहेबांच्या तपासणीचा दिवस जवळ आला. तीच आमची परीक्षा. तेव्हाच्या हेडमास्तरांचा एक रिवाज होता: कच्च्या मुलींना त्या दिवशी घरी राहायला सांगायचे आणि हजेरीपटात 'आजारी' लिहायचे. शाळेचा निकाल चांगला दिसे. ज्या मुली घरी राहत, त्यांतल्या बऱ्याच पुन्हा शाळेत दिसत नसत. त्यांची कुणी चौकशीही करीत नसे. मलाही शिपायाने निरोप आणून दिला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. ते आठवले की आजही मला स्वतःचीच चीड येते.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाई चाळीत आल्या. मी दारात पेरू खात बसले होते. त्यांनी मला तशीच हाताला धरून शाळेत नेले. वर्गात साहेब हजेरीपट चाळत होते, शेजारी हेडमास्तर.

"ही ती आजारी मुलगी," बाई म्हणाल्या. "हातात पेरू आहे. हिची परीक्षा घ्या, साहेब. आणि अशा आणखी चौघी आहेत, त्यांनाही बोलावून घ्या."

"बाई, तुम्ही बाहेर या," हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"जे बोलायचे ते मुलींसमोर बोला. मुलींच्या नावावर खोटे लिहिताना लाज वाटली नाही, आता कसली वाटते?"

मी काही पराक्रम केला नाही. पाचांतली तीन गणिते बरोबर आली. कविता म्हणताना मध्येच खिडकीकडे बघत राहिले; बाईंनी टेबलावर बोट वाजवले आणि पुढली ओळ आठवली. काठावर पास झाले. बोलावलेल्या चौघींपैकी तिघीच आल्या. चौथ्या मुलीची आदल्या आठवड्यात शाळा सोडवून गावी पाठवणी झाली होती. बाई त्या दिवशी पुन्हा संतापल्या, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

महिन्याभरात बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत, पहिलीच्या वर्गावर झाली. त्यांची बढती अडली ती कायमची. तरी मी सातवीची फायनल परीक्षा पास होईपर्यंत दर रविवारी त्यांनी मला घरी बोलावून शिकवले. या सगळ्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यालाच कुणी सोशिकपणा म्हणत असेल, तर ऐकावे: ज्यांनी त्यांची बदली करवली, तेच गृहस्थ आज या गौरव समितीवर आहेत. हार घालायला त्यांनी जरूर यावे. पण त्या चौथ्या मुलीचे नाव त्यांना आठवते का, एवढे मला त्यांना विचारायचे आहे. बाईंना आठवते.

मी आता माळशिरसला शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात वर्गातली एक मुलगी धडा सोडून मांडीवर मातीची मेंढरे करीत बसली होती. तीन वेळा सांगूनही तिने ऐकले नाही. माझा तोल गेला आणि मी तिची मेंढरे पायाखाली चिरडली. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. मला घरी जेवण गेले नाही. मी सगळे बाईंना लिहिले. उलट टपाली कार्ड आले. खुशाली नाही, समजूत नाही. दोनच ओळी:

"उद्या सगळ्या वर्गासमोर तिची माफी माग. मग तिला जवळ बसव आणि पहिले गणित घाल."

मी तसे केले. कार्ड वाचताना माझे कान तापले होते, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला नीट रागावले म्हणून बरेही वाटले होते.

बाई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. गुडघे दुखू नयेत, नजर तीक्ष्ण राहो, आवाज खणखणीत राहो. डॉक्टर आपल्याला राग आवरायला सांगतात, असे कळले. त्यांचे औषध घ्यावे. एवढे एक मात्र ऐकू नये. आम्ही अजून चुकतो आहोत.