तळ्यापलीकडचा झेंडा

आमच्या ह्यांचा चष्मा सुटला तो गेल्या वर्षी. एका सकाळी पेपर वाचता वाचता ह्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि छोट्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवल्या. मग औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं. "बघ," म्हणाले, "वय वाढतंय तसे माझे डोळे तरुण होतायत." त्यानंतर घरी येईल त्याला हा प्रयोग बघावा लागला. शेजारीण झाली, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस झाला, मुलीला तर फोनवरून ऐकवलं. मीही कौतुकाने बघत राहिले. मनात म्हटलं, चला, ह्या माणसाची एक तरी वस्तू आता दुरुस्तीला द्यायला नको.

हे दात करतात. म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन आत पाठवतात आणि त्यावरून कवळी बनवतात ते हे. दवाखान्याच्या मागच्या बाजूला ह्यांची खोली आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरीटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. लग्नानंतर ती खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं होतं, "हे सगळे मला हसतायत." तर हे म्हणाले, "हसतायत ना? मग माझं काम बरं चाललंय." ह्यांच्या कवळीतला एखादा दात मुद्दाम जरासा तिरका असतो. सगळे दात सरळ बसवले की माणूस हसला रे हसला, लोकांना कवळी कळते, असं ह्यांचं म्हणणं. सगळं काम नाकासमोर वीतभर अंतरावर. तिथे ह्यांचा हात धरणारा कुणी नाही.

अशा माणसाला गोल्फचं वेड लागावं हे मला अजून नीट कळलेलं नाही. गाव सोडून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कवळी फार छान बसली म्हणून आपली जुनी काठ्यांची पिशवी ह्यांना देऊन टाकली, तिथून हे सुरू झालं. आमच्या गावाबाहेर पूर्वी विटांच्या भट्ट्या होत्या, त्या जागेवर नऊ भोकांचं छोटंसं मैदान आहे. तिथे दर रविवारी हे, औषधाच्या दुकानाचे मालक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि आमच्या गल्लीतला न्हावी, अशी चौकडी जमते. चौघांच्या आठ डोळ्यांत मिळून चारएक धड असतील. मी बरोबर जाते, पण चहाच्या खोलीत पुस्तक घेऊन बसते. ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला बसून राहायला शिकवावं लागत नाही. शिवाय ह्यांचा नियम आहे: गोल्फवर मी बोलायचं नाही. एकदा मी विचारलं होतं, भोक एवढं लांब कशाला करतात, जवळ केलं तर सगळ्यांची सोय नाही का. तेव्हापासून बंदी.

त्या चहाच्या खोलीत एक लाकडी पाटी आहे. ज्याने एकाच फटक्यात चेंडू भोकात घातला त्याचं नाव तिच्यावर रंगवतात. औषधवाल्यांचं आहे, बँकवाल्यांचं आहे. न्हाव्याचा चेंडू तर गवत दाबायच्या रुळावर आपटून उडाला आणि टुणकन भोकात पडला, तरी त्याचंही आहे. नाही ते फक्त आमच्या ह्यांचं. न्हाव्याचं नाव रंगवलं त्या दिवशी हे घरी आले आणि जेवलेच नाहीत. "रूळ!" एवढंच मधूनमधून म्हणायचे. माणूस म्हातारा होत चालला तरी काही काही इच्छा लहानच राहतात. ह्यांची ही एकच होती, आणि ती मला पाठ होती.

आणखी एक सांगायला हवं. घरात हे सर्रास थापा मारतात. मिशीला साखर चिकटलेली असताना "मी डब्याला हात लावला नाही" म्हणतील. पण मैदानावर पाऊल टाकलं की माणूस बदलतो. त्या खेळाला पंच नसतो म्हणे, ज्याची चूक त्यानेच सांगायची. एकदा वाळलेलं पान बाजूला करताना ह्यांचा चेंडू तसूभर हलला. कुणाचंही लक्ष नव्हतं. ह्यांनी स्वतःच हात वर केला, स्वतःच्या नावावर एक फटका वाढवून घेतला आणि वर्षाचा चषक घालवला. "तिथे खोटं बोललो तर मग खेळतो कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, हाच न्याय साखरेच्या डब्याला लावा. तर हसले.

यंदा मुलीने फारच आग्रह केला म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. दिवसभराचा रस्ता, मधे घाट. गाडी ह्यांनीच चालवली. मलाही येते, पण मी चालवायला बसले की शेजारून ह्यांचं "ब्रेक, ब्रेक!" सुरू होतं, त्यापेक्षा झोपलेलं बरं. मी घाटभर झोपले. हे नेहमीपेक्षा सावकाश चालवतायत एवढं मात्र डुलकी लागता लागता जाणवलं.

मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, एका मोठ्या क्लबचे सभासद. माणूस मोकळा, पण आवाज असा की शेजारच्या घराला वेगळं आमंत्रण द्यायला नको. ते म्हणाले, "व्याहीबुवा, उद्या सकाळी आमच्याकडे खेळायचं. आणि विहीणबाई, तुम्हीही चला. पुस्तक घरी ठेवायचं."

त्यांचं मैदान म्हणजे काय विचारता! गवत असं की वरून चालायला जीव धजेना. वळणावळणाचे रस्ते, वाळूचे खड्डे, मोठाली झाडं. आमच्या भट्टीवाल्या मैदानावर कुठलं भोक कुठे आहे ते ह्यांना झोपेतही सांगता येईल. इथे मात्र भोकाच्या खुणेला झेंडा रोवलेला असूनही हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचे, "झेंडा कुठल्या अंगाला म्हणालात?" व्याही सांगायचे, मग हे मारायचे. मला वाटलं, पाहुण्याची नम्रता. फटका बरा जायचा, पण नंतर हे व्याह्यांच्या मागे मागे चालायचे. एरवी चालताना हे कायम पुढे असतात.

एका ठिकाणी हे काठी घेऊन नुसतेच उभे राहिले. बराच वेळ झाला तसं व्याह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"पुढचे गृहस्थ जरा बाजूला होऊ देत," हे म्हणाले.

पुढे गृहस्थ नव्हते. पाण्याच्या नळाचा खांब होता, त्यावर कुणीतरी टोपी अडकवली होती. व्याही पोट धरधरून हसले. "विहीणबाई, तुमचे यजमान भलतेच विनोदी!" मी हसले, हेही हसले. खरं सांगायचं तर ह्यांचं हसू जरा उशिराने आलं.

मग ते तळं आलं. मारायची जागा अलीकडे, भोक पलीकडे, मधे पाणी. अंतर फार नव्हतं. पलीकडे हिरवा उंचवटा आणि त्यावर लाल झेंडा. "त्या उंच झाडाच्या जरा डावीकडे ठेवा," व्याही म्हणाले. ह्यांनी झाडाकडे बघितलं, दोनदा काठी हलवून पाहिली आणि मारलं.

पुस्तक नव्हतं, म्हणून मी बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांचा चेंडू निघाल्यापासून पोचेपर्यंत पाहिला. तो तळ्यावरून गेला, उंचवट्याच्या डाव्या कडेला पडला, एक छोटी उडी मारली आणि थांबतो की काय असं वाटलं. मग उतारावरून हळूहळू, अगदी सवडीने झेंड्याकडे निघाला. झेंड्याच्या काठीला टेकला. आणि नाहीसा झाला.

व्याही असे ओरडले की झाडावरची पाखरं उडाली. मला काही सुचेना, मी टाळ्या वाजवायला लागले. आणि ह्यांच्याकडे बघितलं तर ह्यांनी खिशात हात घालून दुसरा चेंडू काढला होता.

"तळ्यात गेला ना?" हे म्हणाले. "दुसरा मारतो."

"अहो कसलं तळं! भोकात! एका फटक्यात!" व्याह्यांनी ह्यांना मिठीच मारली. टोपी पडली. ह्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग त्यावर काय काय आलं ते मला सांगता येणार नाही. कवळी लावून पहिल्यांदा आरशात बघणारी माणसं मी त्या मागच्या खोलीत पाहिलीयत, तसं काहीसं.

तळ्याला वळसा घालून आम्ही निघालो. व्याह्यांचं वर्णन चालूच होतं. आता हे घरी जाऊन चौकडीला कसं सांगतील, न्हाव्याचं नाक कसं कापतील, याचे मी मनातल्या मनात मांडे खात होते. तेवढ्यात व्याही म्हणाले, "शेवटी कसा वळला हो! पाहिलंत ना तुम्ही?"

साधं "हो" म्हटलं असतं तर संपलं होतं. घरी असते तर म्हणालेही असते, वर दोन वाक्यं पदरची घातली असती. पण हे थांबले.

"नाही," म्हणाले. "मला दिसला नाही. चेंडू नाही आणि झेंडाही नाही. वर्ष झालं, लांबचं सगळं धूसर दिसतंय."

व्याह्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणजे तो खांब..."

"मला माणूसच वाटला तो."

मला तो घाट आठवला. एका बाजूला दरी, आणि मी डोकं मागे टाकून झोपलेली. मला भयंकर राग आला. मुलीच्या सासऱ्यांसमोर नवऱ्यावर ओरडायचं नसतं एवढंच काय ते भान होतं. व्याही समजूतदार. "मी झेंड्यापाशी थांबतो," म्हणत पुढे गेले.

"वर्षभर?" मी म्हटलं. "आणि मला पेपर वाचून दाखवत होतात!"

"अगं, ते खरंच दिसतं. जवळचं लख्ख दिसतं. म्हणून वाटलं, काम अडत नाही ना, मग चाललंय ते चालू दे."

"आणि घाट?"

ह्यांनी मान खाली घातली. "भीती वाटली गं. डोळ्याला कुणी हात लावला आणि काही बिघडलं तर त्या खोलीत बसून मी काय करू? दुसरं काय येतं मला?"

हातातला चेंडू हे बोटांनी फिरवत होते. इतक्या वर्षांत घाबरलोय असं हा माणूस मला कधी बोलला नव्हता. राग गेला असं नाही म्हणणार मी, पण तो जरा बाजूला सरकला. मी ह्यांचा दंड धरला आणि उंचवट्यावर घेऊन गेले. भोकाशी वाकून ह्यांनी आपल्या हाताने चेंडू बाहेर काढला, डोळ्यांजवळ धरला, त्यावरची आपली खूण पाहिली.

मग हळूच विचारलं, "तू पाहिलास?"

"पाहिला."

"सांग ना."

मी सांगितलं. डावी कडा, छोटी उडी, थांबल्यासारखा झाला, मग सावकाश उतरला. "वाऱ्याने?" ह्यांनी विचारलं. "मला काय माहीत? मला गोल्फवर बोलायची बंदी आहे," मी म्हटलं. व्याही तोंड फिरवून हसले.

उरलेला खेळ ह्यांनी पुरा केला. प्रत्येक वेळी मी मागे उभी राहून झेंडा दाखवला. परतताना गाडी मी चालवली. संपूर्ण घाटात हे एकदाही "ब्रेक" म्हणाले नाहीत. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

घरी आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं सगळं कौतुक दोन मिनिटांत निकालात काढलं. "चष्मा सुटला म्हणजे डोळे सुधारले नाहीत काका. मोतीबिंदू पिकताना कधी कधी असं होतं, जवळचं दिसायला लागतं." एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. ह्यांचे हात होते तसेच राहिले. आता लांबचं दिसतं, उलट दात बसवताना चष्मा लागतो. पट्टी काढून घरी आले त्या दिवशी म्हणाले, "ही भिंत पिवळी होती ना? कधी रंगवली?" भिंत पांढरीच होती. मग माझ्याकडे टक लावून बघितलं. मी म्हटलं, "एक अक्षर बोलू नका."

चौकडी भेटायला आली. तोवर बातमी पोचलेलीच होती. बाहेरच्या मैदानावरचा फटका आमच्या पाटीवर चढत नाही, असा नियम आहे. तरी न्हावी स्वतः म्हणाला, "पाटीचं राहू द्या, आधी सांगा तरी. कसा गेला?"

मी आत चहा ओतत होते. मला वाटलं, आता झाली सुरुवात. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते अखेर ह्यांच्या हातात होतं, आणि घरात तर ह्यांना सगळं माफ होतं.

"अगं, बाहेर ये," ह्यांनी हाक मारली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मला नका विचारू. मी पाहिला नाही. हिनं पाहिलाय."

औषधवाल्यांनी उठून मला खुर्ची दिली. मी पदराला हात पुसले आणि सुरुवात केली: तळ्यावरून गेला, डाव्या कडेला पडला, एक छोटी उडी मारली. मधेच ह्यांच्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय आता समोरच्या गच्चीवरचे कपडे मोजू शकणारा माझा नवरा डोळे मिटून ऐकत होता.