जुलैतले नऊ शब्द

कुट्टूच्या पिठात आर्मेलचा हात मनगटापर्यंत बुडालेला होता. शुक्रवारच्या घावनांचे पीठ हातानेच फेटायचे, वर बुडबुडे दिसू लागेपर्यंत. बुडबुडे अजून आलेच नव्हते, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि गुल्वेन नेहमीप्रमाणे चौकटीखाली मान तुकवून स्वयंपाकघरात आला.

"पास," तो म्हणाला. "ठणठणीत आहे म्हणे. पाच वाजता करारावर सही."

"संत आने, माझे आई!" आर्मेलने पिठाच्याच हाताने छातीवर क्रूस काढला. कपाळाला पीठ लागले, झग्याला लागले. तीन आठवडे ती फळीवरच्या संत आनेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावत होती ती याच दोन शब्दांसाठी. पास आणि सही.

गुल्वेन हसला नाही. खुर्ची ओढून बसला. "मीठ घातलंस का?"

"घातलं. तोंड का असं पाडलंयस? नापास झाल्यासारखं?"

"नऊ आले," तो म्हणाला.

आर्मेलचा हात पिठात जिथल्या तिथे थांबला.

नऊ म्हणजे काय, हे केरवेनच्या फुटबॉल क्लबात कुणाला सांगावे लागत नाही. दर जुलैत, मोसम सुरू व्हायच्या आधी, डॉक्टर मेनेझ प्रत्येक खेळाडूला पंधरा शब्द ऐकवतात आणि वीस मिनिटांनी परत म्हणायला लावतात. जितके आठवतील तो त्याचा आकडा. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. जुलैचा आकडा भरून निघाला तरच मैदान, नाही तर घरी बसा. म्हणून जुने बचावपटू जुलैत मुद्दाम विसरतात. गुल्वेनला हे त्याच्या कप्तानाने शिकवले होते. "जुलैत गाढव हो रे बाबा, ऑक्टोबरात उपयोगी पडेल." गुल्वेनला तेरा-चौदा शब्द सहज आठवत. सांगायचा नऊ. दहा वर्षे नऊ. पुढे त्यानेही हीच विद्या नव्या चौघांना शिकवली, तीही मोठ्या अभिमानाने.

यंदा मात्र आर्मेलने त्याला शपथ घातली होती. ईस्टरला चर्चमध्ये, प्रभूची प्रार्थना म्हणताना, तो 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीपाशी थांबला होता. सगळे पुढे गेले आणि हा ओठ उघडे ठेवून तिथेच उभा. पाचव्या वर्षापासून पाठ असलेली प्रार्थना! घरी आल्यावर ती म्हणाली होती, "या जुलैत खरे सांगायचे. जितके आठवतील तितके सगळे."

"तू पुन्हा मुद्दामच सांगितलेस ना नऊ?" तिने आता विचारले. तसेच असावे, असे तिला मनापासून वाटत होते.

"नाही गं. जीव तोडून आठवले. दिवा, होडी, लोकर... बोटे मोजत बसलो. दहावा आलाच नाही."

"आणि डॉक्टर?"

"पाठ थोपटली त्यांनी. म्हणाले, दहा वर्षे एकच आकडा, गुल्वेन, तू माणूस नाहीस, खडक आहेस." तो टेबलाकडे बघत होता. "दहा वर्षे खोटे सांगितले आणि आज खरे सांगितले, तर ते त्या खोट्याशी तंतोतंत जुळले. आता बोल."

आर्मेलने त्याच्या कपाळाकडे पाहिले. चौदा वर्षांच्या संसारात तिने या डोक्याची किती उस्तवार केली होती! तेराव्या वर्षी तो क्लबच्या वसतिगृहात गेला, एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. पायात जादू नव्हती, धाव बेताची. पण चेंडू हवेत गेला की तो याचाच. लोक म्हणत, गुल्वेनच्या कपाळाला गोंद लावलाय. त्या कपाळावर तो एक मोसम पहिल्या श्रेणीत अकरा सामने खेळून आला, मग दुसऱ्या श्रेणीत आठ वर्षे, आणि गेली दहा वर्षे तिसऱ्या श्रेणीत आपल्याच गावी. नाक तीनदा मोडले. भुवईवर टाके इतके पडले की लेकीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोत ती भुवई आहे की शिवण, ते कळत नाही. गोल मात्र जन्मात सहा. सहाही त्याला पाठ होते, तारखेनिशी. निदान पूर्वी होते.

"मार्चमध्ये तू मैदानात डोक्यावर पडलास," आर्मेल हळूच म्हणाली. "दहा दिवसांनी डॉक्टरांनी परीक्षा घेतली. तेव्हाही नऊच होते ना?"

तो टेबलावर सांडलेले पीठ बोटाने पुसू लागला.

"गुल्वेन, ते नऊ मुद्दाम होते की..."

"जीव तोडून." तो खालीच बघत म्हणाला. "मार्चमध्येच कळलं होतं मला."

"आणि त्यानंतर नऊ सामने खेळलास!"

"एकच वर्ष, आर्मेल. अध्यक्ष म्हणालेत, पुढच्या वर्षी पोरांना शिकवायचं काम देतो. पण त्याआधी हे वर्ष खेळायला हवं. मला दुसरं काय येतं? सांग ना, काय येतं?"

"एका वर्षात किती चेंडू घेतोस डोक्यावर?"

"ते कोण मोजतं?" त्याने तोंडावरून हात फिरवला. मग वाडग्यात डोकावून म्हणाला, "मीठ घातलंस का?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "घातलं," म्हणाली.

तेवढ्यात न ठोठावताच दार उघडले. सासूबाई, स्वाझिग, काखोटीला सफरचंदाच्या सायडरची बाटली मारून आत आल्या. लेक पास झाल्याची बातमी त्यांना चर्चच्या पायऱ्यांवरच कळली होती.

"कुठाय माझा खांब? अगं, हे काय, पीठ अजून वाडग्यातच? नवरा सही करायला निघाला आणि हिचं फेटणंच चाललंय!"

"आई, बसा. आणि बाटली उघडू नका," आर्मेल म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. गुल्वेन मध्ये दोनदा "पुरे" म्हणाला, पण ती थांबली नाही. संत आनेकडे पाठ करून बोलली, कारण त्या मातेकडे आपण नेमके हेच मागितले होते, आणि तिने ते दिले होते.

स्वाझिगनी ऐकून घेतले. मग बाटलीच्या बुचाला हात घातला. "विसरतो म्हणे! विसरत कोण नाही? ह्याचा बाप मासे धरायला निघायचा तो जाळं ओट्यावर ठेवून. बंदरातून परत यायचा शिव्या देत. त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आणि सुने, घरातलं घरात ठेवावं. पाचपर्यंत तोंड मिटून बसायचं, बस्स."

"बघ, आई पण तेच म्हणते," गुल्वेन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. उठून तो आर्मेलच्या मागे येऊन उभा राहिला, लहानपणी आईच्या मागे राहत असेल तसा, आणि तिच्या खांद्यावरून वाडग्यात बघत अगदी सहज म्हणाला, "मीठ घातलंस का?"

"तिसऱ्यांदा विचारतोयस," आर्मेल म्हणाली. आवाज चढवला नाही.

"कधी विचारलं?"

बुचावरची स्वाझिगची बोटे सुटली. त्यांनी लेकाच्या तोंडाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले. तो थट्टा करत असेल, आता हसेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. तो हसला नाही. खरेच उत्तराची वाट बघत उभा होता.

"घातलंय, राजा," स्वाझिगच म्हणाल्या. बाटली त्यांनी टेबलाखाली ठेवून दिली आणि अस्तन्या वर सारल्या. "सर, पोरी. पीठ मी बघते. तू जा."

"आई, पाच वाजता सही आहे," गुल्वेन म्हणाला.

"ठाऊक आहे मला." त्यांनी वाडग्यात हात घातला. मान वर केली नाही.

गाडीची किल्ली गुल्वेनच्या मुठीत होती. आर्मेलने हात पुढे केला. तिने ओढली असती तर त्याने सोडली नसती, चेंडू सोडत नसे तशीच. ती नुसती हात पुढे करून उभी राहिली. शेवटी त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि परसाच्या दारात जाऊन पाठमोरा बसला. तिला जवळ जावेसे वाटले, पण गेली नाही. गेली असती तर पाय निघाला नसता.

मोरीत तिने हात धुतले. नखांतले पीठ निघेना, ते तसेच राहू दिले. कपाळावरचे पुसले. दोन वाजून गेले होते. डॉक्टर मेनेझ चारपर्यंत दवाखान्यात असतात. जुलैतला नवाचा आकडा दहा वर्षे खोटा होता आणि यंदाचा खरा आहे, हे त्यांना सहीच्या आधी जाऊन सांगायचे होते.