चाचणीचं पार्सल

विंझरला रस्त्याकडेच्या एका गाळ्यात आमच्या कुरिअरची शाखा होती आणि त्या शाखेत मी एकटीच. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी हवी होती म्हणून मला भोरहून घेतलं होतं. सकाळची एसटी धरून यायचं, शटर उघडायचं, पुण्याच्या टेम्पोतून आलेली पार्सलं उतरवून घ्यायची आणि लोकांना कळवायचं. डोंगराकडच्या गावांत पोचवायला आमच्याकडे माणूस नव्हता. लोक स्वतःच येऊन न्यायचे.

खेड्यापाड्यांत मोबाईल आले, त्या सुमारास कंपनीनं नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. पार्सल शाखेत आलं की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जाणार होता. आधी ते कुठंतरी वापरून बघायचं होतं. शाखा लहान, म्हणून आमच्याकडे आलं.

पुण्याहून इंजिनिअर सर आले. ते म्हणाले, “याला सँडबॉक्स म्हणतात. लहान मुलं वाळूत घर बांधतात, मोडतात, तसं समज. इथं काहीही कर. यातलं बाहेर काही जात नाही.”

स्क्रीनवर पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर ‘चाचणी’ असं लिहिलेलं. नावं-पत्ते आधीच भरलेले होते. ते खऱ्या गिऱ्हाइकांचे जसेच्या तसे उचलले होते, मोबाईल नंबरांसकट, हे मला कुणी सांगितलं नाही. मी आपली रोज पार्सलं पाठवत होते. कधी पालीचं वेल्ह्याला धाडायची, कधी एखादं हरवायची, कधी परत पाठवायची. चुकलं तर पुसायचं. खरं सांगायचं तर मजा यायची.

एक दिवस दुपारी गाळ्यासमोर जीप थांबली आणि कुबड्या टेकत एक गृहस्थ उतरले. डाव्या पायाचा पायजमा गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला होता. पायरी चढताना मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

“ताई, माझा पाय आलाय न्हवं?”

मला कळेना. त्यांनी मोबाईल पुढं धरला. ‘आपले पार्सल विंझर शाखेत पोहोचले आहे. कृपया घेऊन जावे.’

ते गुंजवण्याचे होते. भातखाचरात साप चावला, तेव्हा पाय कापावा लागला. बसवलेला पाय मोडला म्हणून पुण्याला दुरुस्तीला पाठवला होता. घरात रेंज नसायची. ते रोज कुबड्यांवर गावाजवळच्या धरणाच्या बाजूला, रेंज मिळायची तिथं जाऊन मेसेज आला का ते बघत होते.

मी गाळा धुंडाळला. पार्सल नव्हतंच. मग स्क्रीनवरची पिवळी पट्टी बघितली. आदल्या दिवशी चाचणीत त्यांच्या नावाचं पार्सल शाखेत आल्याचं मीच नोंदवलं होतं.

“काका, हे खरं पार्सल नाही. आम्ही तपासणी करतोय. खोटी पार्सलं पाठवून बघतो.”

“पाय खोटा हाय, ते ठीक हाय. पार्सल बी खोटं?”

ते हसले नाहीत. मी पुण्याला फोन लावला. सर आधी म्हणाले, असं होऊच शकत नाही. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. मेसेज पाठवायची सोय चाचणीतही चालूच राहिली होती. ती त्यांनी बंद केली. “त्यांना सांग, दुर्लक्ष करा,” म्हणाले.

समोर बसलेल्या माणसाला दुर्लक्ष करा म्हणून कसं सांगायचं? मी चहा मागवला. अम्मीनं डब्यात दिलेली चपाती-भाजी पुढं केली. त्यांनी चहा तेवढा घेतला.

“परवा पावनं येनार हाईत, थोरलीला बघाया,” ते म्हणाले. “कुबड्यांवर त्यांच्या म्होरं कसं जायाचं? येईल का तवर?”

“मला नाही सांगता येणार, काका.”

परतीची जीप येईपर्यंत ते बाकावर बसून होते. मधेच एखादा टेम्पो थांबला की मान वर करून बघायचे.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या टेम्पोत पाय आला. खरा. लांबट खोका, वर गुंजवण्याचा पत्ता. मी लगेच माझ्या मोबाईलवरून मेसेज पाठवला, फोन लावला. मोबाईल बंद. गुंजवण्याच्या जीपवाल्याला म्हटलं, खोकाच घेऊन जा. पण गिऱ्हाइकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या सहीशिवाय पार्सल सोडायची मला मुभा नव्हती. पुण्याला विचारलं. “अजिबात नाही,” सर म्हणाले. एका घोटाळ्यानंतर त्यांना दुसरा नको होता. शेवटी जीपवाल्याकडे निरोपच दिला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी जीपवाला थांबला. “सांगितलं म्या. धरनाकडं न्हेऊन त्यांच्याच मोबाईलवर मेसेज बी दावला त्यास्नी. ते म्हनले, हे बी त्यांचं तपासनंच आसंल. म्या पुन्हा तिकडं जात न्हाई.”

“अहो, खरंच आलाय! हा काय समोर आहे!”

“मला दिसतोय ताई. त्यास्नी कसा दिसावा?”

तो वेल्ह्याला निघून गेला. शाखा सोडून मी जाऊ शकत नव्हते, आणि गेले असते तरी दुपारपर्यंत तिकडं जायला काही नव्हतं. दिवसभर खोका टेबलाजवळ उभा होता. पाहुणे आता आले असतील, आता बसले असतील, एवढंच डोक्यात चाललं होतं.

नंतर काकांची बायको आली, पार्सल खरंच आलंय का बघायला. खोका उघडून तिनं पाय बघितला, पट्टे ओढून बघितले. मी भीत भीतच विचारलं, “पाहुणे आले होते ना, मावशी?”

“आलं की. पोरगी पसंत हाय म्हनले.” ती पट्टे पुन्हा गुंडाळू लागली. “ह्ये भायर आलंच न्हाईत. आतल्या खोलीत बसून ऱ्हायले. गावाला गेल्यात म्हून सांगितलं म्या. पावन्यांचं बोलनं त्यास्नी आत ऐकू जात हुतं. खोकला आला तर त्वांडावर टावेल धरायचं.”

मी रजिस्टर पुढं सरकवलं. तिनं विचारलं, “सही कुठं करू?” मी जागा दाखवली. तिनं सावकाश नाव लिहिलं, खोका काखेत मारला आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागली.