बाहेर गेल्याची वेळ

माझ्या साळ्याएवढा संशयी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा दाखवा, मी मिशी उतरवून देतो. चिखलीबाहेर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तो सुरक्षेचं सगळं बघतो आणि मी तिथंच गेटवर बसतो. आम्ही फौजेच्या कामासाठी पितळेची कडी बनवतो. ती कडी कशात बसते हे मला माहीत नाही, मालकाला माहीत नाही, आणि साळ्याला माहीत असेल तर तो मेला तरी सांगायचा नाही. तपासणीवाले येतात वर्षातून एकदा. पण हा रोजच तपासणी असल्यासारखा जगतो. त्या कड्यांचे नकाशे ठेवायच्या कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली त्याच्या कमरेला, दुसरी माझ्या, म्हणजे एकट्यानं कोणी उघडू नये. येणाऱ्याच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. वाकडी निघालेली कडी भंगारात द्यायच्या आधी घणानं चपटी करायची, आणि ती पुरती चपटी झाली का हे तो चष्मा लावून बघतो. हे खूळ घरापर्यंत गेलं. लग्नपत्रिकासुद्धा वाचून झाली की तिचे चार तुकडे. एकदा मलकापूरच्या लग्नाला निघाला, तर कार्यालयाचं नावच आठवेना. तुकडे चार ठिकाणी टाकलेले! गावभर बँडचा आवाज धुंडत फिरला आणि जेवला तो भलत्याच लग्नात.

माझी बायको शेवंता म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. रोज दुपारी ती माझा डबा आणायची, आणि हा रोज तिला गेटावरचं रजिस्टर लिहायला लावायचा. नाव, कारण, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही.

"नाव?"

"काऊन बे, ओळखत नाहीस? तुले कडेवर घेऊन फिरली मी."

"ओळखतो म्हणूनच इचारतो, ताई. अनोळखी माणसावर तर कोणीबी नजर ठेवते."

एकदा तिनं कारणाच्या रकान्यात 'मेथीची भाजी' लिहिलं. हा भडकला. "भाजी हे कारण नाही, भाजी हा माल हाय! कारण लिह." तिनं खाली लिहिलं, 'नवरा उपाशी'. यावर त्याला नियम सापडला नाही.

शेवंता आणि मी, दोघंही चौथीपलीकडं गेलो नाही. बैल बुजल्यावर नांगराचं तास वाकडंतिकडं जावं तसं तिचं अक्षर. घरात तिच्या हातचं लिहिलेलं चिटोरंही नाही, लिहायचं काम कधी पडलंच नाही. जे काय लिहिलं ते त्या रजिस्टरात.

एके दिवशी डबा ठेवता ठेवताच तिच्या छातीत कळ आली. साळ्यानं स्वतः मोठं फाटक उघडलं, ऑटो नंबर न लिहिता आत घेतला. ती दवाखान्यातून परत आली नाही. तेरवीलाही हा मांडवाच्या दारात उभा, कोण आलं, कोण गेलं बघत. मला त्याचा फार राग आला होता.

तीन वर्षं झाली की जुनी रजिस्टरं साक्षीदारासमोर जाळायची, असा त्याचा शिरस्ता. यंदा तिच्या रजिस्टरची पाळी आली. मी म्हटलं, "एक पान दे मले."

"पानाइले नंबर हायेत, भाऊजी. पान फाटलं तर तपासणीत कारखाना जाते."

"तुही सख्खी बहीण होती बे!"

तो नुसता चष्मा पुसत राहिला.

कारखान्यामागं ड्रम पेटवला. साक्षीदार मी, तोंड फिरवून उभा. तो पान न् पान बघून एकेक रजिस्टर आगीत टाकत होता. मग थांबला.

"भाऊजी, इकडं या. ही व्हिजिटर पाऊण वाजता आत आली. बाहेर गेल्याची वेळ कुठी हाय?"

"फाटक तूच उघडलं होतं ना!"

"फाटकाचं नाही, नोंदीचं इचारून राह्यलो. नोंद नाही म्हणजे ती अजून आतच हाय. माणूस आत असताना रजिस्टर जाळता येत नाही."

एरवी एक रकाना रिकामा दिसला तर दिवसभर माझा उद्धार करणारा माणूस. हा रकाना त्यानं तीन वर्षं तसाच ठेवला होता. असा नियम कुठं लिहिलाय, हे मी विचारलं नाही.

ते रजिस्टर आता नकाशांच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा आम्ही दोघं आपापली किल्ली लावतो. तो चष्मा चढवून, जसा तपासणीवालाच, मला विचारतो, "ही बाई बाहेर गेली का?"

मी 'नवरा उपाशी'वरून बोट फिरवतो आणि सांगतो, "नाही. आतच हाय."