प्रत्येक ओळ दोनदा

कुंभकोणम्, मे १९५६, दुसरा सोमवार. हजर: गणिताचे निवृत्त प्राध्यापक भीमराव, त्यांच्या पत्नी तुळजाक्का, जानकी, सेतू आणि वैद्यनाथन हे तीन विद्यार्थी, आणि त्यांना मद्रासच्या गणित स्पर्धेसाठी तयार करायला साताऱ्याहून आलेली मी. गैरहजर: माझी ट्रंक. स्टेशनवर हमालाला सामान मोजून दाखवण्यात मी इतकी गुंतले, की ट्रंक डब्यातच राहून पुढे पापनाशम्ला गेली.

भीमरावांचे घराणे तंजावरच्या मराठी दरबाराच्या काळापासूनचे. "बैसा, अक्का," म्हणत तुळजाक्कांनी पान वाढले. भात आणि डांगर पचडी (उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर). त्यांचे बोलणे मला बखर वाचल्यासारखे वाटत होते. माझे ऐकून त्यांनी विचारले, साताऱ्यात सगळेच असे गाडी चुकल्यासारखे बोलतात का? ट्रंकेची हकीकत त्यांना कळली होती.

दुसऱ्या दिवशी तिण्णैवर (घरापुढच्या ओट्यावर) शिबिर सुरू झाले. सलग पाच संख्यांचा गुणाकार एकशेवीसने नेहमी का भागला जातो, असे मी विचारले. जानकी म्हणाली, "पाचांत एक तरी पाचाच्या पटीतली."

"पाचांत एक तरी पाचाच्या पटीतली. अप्पुरम्? (मग पुढे?)" वैद्यनाथन म्हणाला.

"एक तरी तिनाच्या पटीतली."

असे करत करत उदाहरण सुटले. मी मात्र ही नक्कल आहे असे ठरवले. स्पर्धेत प्रत्येकाला एकट्याने, न बोलता लिहायचे होते. म्हणून मी एकाला विहिरीपाशी, एकाला माजघरात आणि जानकीला तिण्णैवर बसवले. मुलगे जेमतेम निभावले. जानकीचा कागद कोरा राहिला.

हे साधे नव्हते. तिच्या वडिलांचे पितळी भांड्यांचे दुकान. त्यांनी मला आधीच सांगून ठेवले होते की मद्रासला नंबर आला तर पोरीला कॉलेजात घालीन, नाहीतर पुदुकोट्टैचे स्थळ थांबलेले आहे.

मी उपाय केले. सकाळची वेळ दिली, संध्याकाळची दिली, सोपी उदाहरणे दिली, शिस्तीवर एक भाषणही दिले. ते ऐकताना भीमरावांना डुलकी लागली. कागद कोराच. जानकी एवढेच म्हणाली, "टीचर, माझंच वाक्य मला ऐकू येत नाही." मी तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यावे का, असा गंभीरपणे विचार केला.

शनिवारी भीमराव सर्वांना गोविंदपुरम्ला भजनाला घेऊन गेले. तमिळ भागवत (भजन गाणारे) मराठी अभंग गात होते. मी शेजारच्या बाईंना त्यांचा एक उच्चार दुरुस्त करून सांगितला. त्यांनी माझ्या हातात टाळ दिले. तोंड बंद ठेवण्याची इतकी सभ्य सूचना मला कुणी केलेली नाही.

टाळ चुकत चुकत वाजवताना माझ्या लक्षात आले. मुख्य भागवत एक ओळ म्हणत, बाकीचे तीच परत म्हणत, आणि तेवढ्या वेळात त्यांना पुढची सापडे. मागचे लोक नवे काही देत नव्हते. वैद्यनाथननेही जानकीला कधी काही सांगितले नव्हते.

सोमवारी मी तिला एकटी बसवून सांगितले, "प्रत्येक ओळ दोनदा लिही. पहिली तुझी, दुसरी वैद्यनाथनची."

तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. सुटलेले प्रत्येक उदाहरण बिनचूक होते. पण दोनदा लिहिण्यात वेळ गेला आणि निम्मी उदाहरणे राहिली. निम्म्यांवर नंबर येत नाही. भीमराव कागद पाहून म्हणाले, "अक्का, विहिरीला पाणी लागले. आता दोर पुरवा."

दोर पुरवण्याआधी शिबिर संपले. स्टेशनवर जानकीच्या वडिलांनी केळीच्या पानात बांधलेला डबा दिला आणि विचारले, होईल का? मी सवयीने "नक्की" म्हणणार होते. पण मी म्हणाले, "अजून नाही." त्यांनी स्थळाला जुलैपर्यंत थांबायला सांगतो म्हटले. स्पर्धा जुलैतच आहे.

साताऱ्याला माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, याचा मला फार अभिमान होता. परत आल्यापासून ती शांतता मला संशयास्पद वाटते. काल ट्रंकही पोचली. बाकीची कामे झाली. एक राहिले आहे: दुसरी ओळ न लिहिता मनातल्या मनात ऐकायला जानकीला पत्राने शिकवणे. रोज कागद घेऊन बसते. ते कसे शिकवतात, हे मला अजून सापडलेले नाही.